आमच्या आजाराचीही मुदत ठरवा

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

सविनय नमस्कार.

मी सांगलीत राहते आणि २००८ पासून आरोग्य विम्याच्या पॉलिसी विकते. चारशेच्या वर कुटुंबांच्या फायली माझ्या कपाटात आहेत. कुणाच्या मुलीचं ॲपेंडिक्स, कुणाच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी, कुणाचा क्लेम कुठल्या कागदावाचून अडला होता, सगळं तोंडपाठ. त्या कपाटात माझ्या नावाची फाइल मात्र नाही. विमा विकणारीला विमा मिळत नाही, कारण जुलै २०१५ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. 'झाला होता' हे मी मुद्दाम लिहिलं आहे. तुमच्याशी माझं भांडण आहे ते याच दोन शब्दांवरून.

गाठ आंघोळ करताना हाताला लागली. दुसऱ्या आठवड्यात बायोप्सी, महिनाअखेर ऑपरेशन, मग आठ केमो, मग मिरजेला पंचवीस रेडिएशन. शेवटचं रेडिएशन मार्च २०१६ मध्ये झालं. मशीन चालवणारा मुलगा हसत म्हणाला, "काकू, आता परत येऊ नका." मी तेव्हा ३८ वर्षांची, 'काकू' ऐकून जरा वाईटच वाटलं. त्यानंतर पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी. २०२१ मध्ये तीही बंद झाली. तेव्हापासून वर्षातून एकदा तपासणी, आणि दर वर्षी डॉक्टर तेच म्हणतात: छान आहे, पुढच्या वर्षी या.

पैशांचं कसं केलं? नवरा कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता, त्यांच्या ग्रुप पॉलिसीत कुटुंबाला तीन लाखांचं कव्हर होतं. ते पहिल्या काही महिन्यांतच संपलं. पुढचं एफडी मोडून आणि आईच्या पाटल्या विकून. माझी स्वतंत्र पॉलिसी का नव्हती? 'ह्यांच्या कंपनीची आहे ना, मग दुहेरी हप्ता कशाला' हे वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय आणि शंभर वेळा खोडून काढलंय. स्वतःच्या घरी मात्र तेच बोलले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तेवढी चूक माझी, कबूल.

२०२२ मध्ये कारखाना बंद पडला आणि त्याबरोबर ग्रुप पॉलिसीही गेली. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय तुम्ही ठेवली आहे. मी ती लोकांना समजावून सांगते, तशी स्वतःही वापरून पाहिली. त्या सोयीतही शेवटचा शब्द अंडररायटरचाच, म्हणजे जोखीम तपासून हो-नाही ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाचाच असतो. त्याने 'नाही' म्हटलं.

मग मी ज्या कंपनीच्या पॉलिसी विकते तिच्याकडे अर्ज केला. त्यांच्याच लॅबमध्ये रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल. सहाव्या दिवशी मेल आला: 'आमच्या अंडररायटिंग धोरणानुसार आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही.' प्रीमियम परत, तपासणीचा खर्च वजा करून. दुसऱ्या कंपनीच्या पोर्टलवर तर एवढाही मान मिळाला नाही. आजारांच्या यादीत कॅन्सरसमोर 'होय'वर टिक केली की पुढचं पान उघडतच नाही, लाल अक्षरांत एक ओळ येते आणि फॉर्म मिटतो. मी तीनदा करून पाहिलं, न जाणो नेटचा घोळ असेल म्हणून. तिसऱ्या कंपनीने २०१५ चा बायोप्सीचा रिपोर्ट मागवला, ऑपरेशनचे कागद मागवले, डॉक्टरांचं पत्र मागवलं, पाच आठवडे ठेवले आणि मग नाही म्हटलं. कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी म्हणून वेगळी पॉलिसीही बाजारात आहे, ते धंद्यामुळे मला ठाऊक आहे. तिचा हप्ता ऐकून नवऱ्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

२०२३ मध्ये माझ्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन, तीन दिवस दवाखाना, ९२ हजार रुपये. कॅन्सरशी त्याचा काही संबंध नव्हता. पण विमा फक्त कॅन्सरचा नाकारलेला नाही ना. मला डेंग्यू झाला, स्कूटरवरून पडून पाय मोडला, उद्या मोतीबिंदू आला, तरी कव्हर नाहीच. एका अवयवात एकदा काही झालं म्हणून आख्ख्या बाईला दाराबाहेर काढलं आहे.

एप्रिल २०२४ मध्ये मात्र एक सकाळ अशी आली की माझा फोन थांबेना. वर्तमानपत्रांत मथळे होते: आता कॅन्सर, हृदयरोग, एड्स असलेल्यांना विमा कंपन्या नकार देऊ शकणार नाहीत. केमोच्या खोलीत ओळख झालेल्या बायका, त्यांचे नवरे, दोन जुनी गिऱ्हाइकं, सगळे विचारत होते, "ताई, फॉर्म कधी भरायचा?" मी तुमचे नवे विनियम मिळवले, त्यामागून २९ मे २०२४ चं मास्टर सर्क्युलरही वाचलं. चांगलं काम आहे, ते आधी सांगते. आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्यांना कव्हर मिळण्याआधी थांबायचा काळ, ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ वर आणलात. ६५ वर्षांच्या पुढच्यांना दार उघडलंत. कॅशलेसची परवानगी एका तासात, डिस्चार्जचा निर्णय तीन तासांत. आधी क्लेम झाले म्हणून नूतनीकरण नाकारायचं नाही. हे सगळं मी लोकांना अभिमानाने सांगते.

पण त्या मथळ्यातली गोष्ट शोधत गेले तर जे सापडलं ते असं: सर्व वयांच्या, सर्व आजारांच्या, जुन्या दुखण्यांच्या लोकांसाठी उत्पादनं उपलब्ध असावीत. उत्पादनं. म्हणजे दुकानात माल ठेवलाच पाहिजे, पण तो मला विकलाच पाहिजे असं नाही. कुणाला द्यायचं, किती लोडिंग म्हणजे जादा हप्ता लावायचा, कुणाला परत पाठवायचं हे कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या अंडररायटिंग धोरणावर. त्या धोरणाची प्रत मी मागितली. ती अंतर्गत असते, असं कळलं. मग त्या फोन केलेल्या बायकांना मी काय सांगितलं? भरून बघू या, असं म्हणाले. सात जणींनी भरले. एकीला मिळाली, तीही थायरॉइडच्या कॅन्सरची होती आणि पुण्याला ओळख होती.

महोदय, आमचा धंदा मुदतीवर चालतो. वर्षाचा हप्ता चुकला तर ग्रेस पीरियड ३० दिवस. पॉलिसी पसंत नसेल तर परत करायला ३० दिवस. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. हर्निया, मोतीबिंदूला ठरलेले महिने. जुन्या आजाराला ३६ महिने. सलग ६० महिने झाले की मोरॅटोरियम, म्हणजे सिद्ध झालेली फसवणूक सोडून कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही. जीवन विम्यात तर १९३८ च्या कायद्याचं कलम ४५ आहे: तीन वर्षं झाली की पॉलिसीवर कुठल्याच कारणाने शंका घेता येत नाही. म्हणजे खोटं बोलणाऱ्यालाही एक तारीख दिली आहे, की या दिवसानंतर तू सुटलास. खरं बोलणाऱ्या कॅन्सरवाल्याला तशी तारीख कुठे आहे?

आता ही गंमत बघा. आधीपासूनचा आजार म्हणजे काय, याची तुमची व्याख्या सरळ आहे: पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला, किंवा त्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्यासाठी सल्ला दिला वा उपचार केले असा आजार. माझं निदान दहा वर्षांपूर्वीचं. गोळीही कधीच बंद झाली. या व्याख्येने मी मोकळी व्हायला हवी. पण प्रपोजल फॉर्मवर प्रश्न छापलेला असतो: 'आपल्याला कधीही कॅन्सर झाला आहे का?' नियमात ३६ महिने आणि फॉर्मवर 'कधीही'. नियम हैदराबादला राहतो, फॉर्म माझ्या गिऱ्हाइकाच्या पुढ्यात असतो.

आणि समजा फॉर्म दुरुस्त केला, तरी व्याख्येचा दुसरा अर्धा भाग मला पकडतोच. दर वर्षी मी मॅमोग्राफी करते, डॉक्टर तपासतात, 'पुढच्या वर्षी या' असं फाइलवर लिहितात. हा सल्लाच झाला. म्हणजे मी नियमाने तपासणीला जाते म्हणून माझा आजार कायम ताजा राहतो. तीन वर्षं तपासणीला दांडी मारली तर कागदोपत्री मी बरी. अंडररायटरने खरं तर अशा बाईला घाबरायला हवं. घाबरतात मात्र शहाण्यासारखं वागणाऱ्या बाईला.

माझ्यापेक्षा एका मुलाची गोष्ट सांगते, कारण माझ्या बाबतीत निदान धोक्याचं बोलणं तरी होऊ शकतं. आमच्याच भागातला मुलगा, आता २७ वर्षांचा. सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. अडीच वर्षं उपचार चालले, आईवडील परळच्या फूटपाथवरही झोपले. नंतर पोरगं बरं झालं, शाळेत परत गेलं, आयटीआय केलं आणि आता इलेक्ट्रिकचं दुकान टाकतंय. टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना चालतो, उपचार संपल्यानंतरच्या देखरेखीचा. हा मुलगा वर्षातून एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादरला उतरतो, तिथे दाखवतो आणि रात्रीच्या गाडीने परत येतो. १७ वर्षं हे चाललंय.

नोकरी नाही, म्हणून ग्रुप पॉलिसी नाही. लग्न ठरतंय, म्हणून आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. फॉर्म भरताना त्या प्रश्नाशी आलो तशी तिने माझ्या पेनावर हात ठेवला. "ताई, नाही लिहिलं तर कळेल का त्यांना?"

मी उत्तर द्यायला वेळ लावला. कारण खरं उत्तर 'बहुतेक नाही कळणार' हे होतं. वीस वर्षांपूर्वीचे कागद, दुसऱ्या शहरातले, लहान मुलाच्या नावाचे. तब्येत ठणठणीत. पाच वर्षं हप्ता भरत राहिला की मोरॅटोरियम. एजंटच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी परम सद्भावाचं तत्त्व शिकवतात: विमा हा विश्वासाचा करार, दोन्ही बाजूंनी काही लपवायचं नाही. मी स्वतः नव्या मुलांना ते शिकवते. त्या दिवशी मला कळलं की तुमच्या नियमांची बेरीज केली तर उत्तर 'लपव' असं येतं. जो लपवतो त्याला पाच वर्षांनी मुक्ती, जो सांगतो त्याला जन्मभर नकार.

मी तिला म्हटलं, लिहू या. 'होय' लिहिलं. नवव्या दिवशी नकार आला. ती बाई मला काही बोलली नाही, पण तेव्हापासून रस्त्यात भेटली तर नुसती मान हलवते. तिचं बरोबर आहे.

तुमचा मुद्दा मी ओळखून आहे, कारण या धंद्यात मी तो रोज दुसऱ्यांना सांगते. घराला आग लागल्यावर विमा मागायला येणाऱ्यांना घेतलं तर बाकीच्यांचे हप्ते वाढतात, आणि हळूहळू धडधाकट माणसं बाहेर पडतात. अगदी खरं. ज्याची केमो पुढच्या सोमवारी आहे त्याला आज पॉलिसी द्या, असं मी म्हणत नाहीये. आणि माझ्यासारख्या हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये दहा-पंधरा वर्षांनीही आजार परतू शकतो, हेही मला माहीत आहे. रात्री अडीच वाजता ते मला कुठल्याही अंडररायटरपेक्षा जास्त आठवतं. पण माझी आग विझून दहा वर्षं झाली. त्या मुलाची विझून जवळपास अठरा. सगळे कॅन्सर एका पोत्यात घालून वर एकच चिठ्ठी डकवायची, याला जोखीम मोजणं म्हणत नाहीत. मधुमेह, बीपी असलेल्या माणसाला तुम्ही वजन, साखर, वय बघून दर लावता. मग आमचा कुठला कॅन्सर, कुठली स्टेज, किती वर्षं झाली, हे बघून दर लावायला काय हरकत आहे? मी जास्त हप्ता भरायला तयार आहे. मला दर हवाय, दया नको.

२०१९ च्या तुमच्या मार्गदर्शक सूचनांत १६ आजारांची यादी होती, कॅन्सरही तिच्यात आहे. असा आजार असलेल्याला साफ नकार देण्याऐवजी त्याच्या संमतीने तेवढा आजार कायमचा वगळून बाकीचं कव्हर देता यावं, असा तिचा हेतू होता. हेतू भला होता. मी तर तेही मागून पाहिलं: कॅन्सर वगळा, पित्ताशय, डेंग्यू, पाय तरी घ्या. "तसं आमच्याकडे करत नाहीत मॅडम." 'देता येईल' आणि 'द्यावंच लागेल' यात एका पित्ताशयाचं, म्हणजे ९२ हजारांचं अंतर आहे.

कायद्याला हे जमत नाही असं नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात, ॲक्च्युअरीच्या, म्हणजे जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या अभ्यासाचा आधार नसेल तर विमा नाकारणं हा भेदभाव ठरतो, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांना शरीराच्या आजारांच्या बरोबरीने विम्यात घ्यायला सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयात एक चाकाच्या खुर्चीवरचा माणूस विमा नाकारला म्हणून गेला, न्यायालयाने तुम्हाला लक्ष घालायला सांगितलं, आणि २७ फेब्रुवारी २०२३ ला तुमचं परिपत्रक निघालं: अपंग व्यक्ती, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेले यांच्यासाठी प्रत्येक कंपनीने पॉलिसी आणलीच पाहिजे, नमुनाही सोबत. ते परिपत्रक मी दोनदा वाचलं, आमचं नाव कुठे सापडतंय का म्हणून. नाही. बहुधा आमच्यातलं कुणी कोर्टात गेलं नव्हतं. भारतात दर वर्षी नवे कॅन्सर रुग्ण चौदा लाखांच्या पुढे आहेत, असा २०२२ चा राष्ट्रीय नोंदणीचा अंदाज सांगतो. त्यातले कितीतरी बरे होतात आणि गुपचूप कामाला लागतात, वकील शोधत नाहीत.

तक्रारीचा रस्ता बघितला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे प्रीमियम घेऊन पॉलिसी दिली नाही, ही तक्रार बसते. माझा प्रीमियम तर परत आला होता. मग तक्रार कसली?

फ्रान्समध्ये याला 'विसरलं जाण्याचा हक्क' म्हणतात. तिथे २८ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने असं केलं की कॅन्सरचे उपचार संपून पाच वर्षं झाली आणि आजार परतला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी तो सांगायची गरजच नाही. विचारायचं नाही, सांगायचं नाही. आधी मोठ्यांसाठी ही मुदत दहा वर्षं होती, ती त्यांनी निम्मी केली. इटलीने डिसेंबर २०२३ मध्ये कायदा केला: दहा वर्षं, आणि एकविसाव्या वर्षाच्या आत आजार झाला असेल तर पाच. युरोपीय संघाच्या २०२३ च्या ग्राहक-कर्ज निर्देशात कमाल १५ वर्षं ठेवली आहेत. हे कायदे मुख्यतः कर्जाला जोडलेल्या विम्याचे आहेत, आपल्यासारख्या आरोग्य पॉलिसीचे नाहीत, हे मला कळतं. तिकडे दवाखान्याचं बिल भागवायची व्यवस्थाच वेगळी. पण कर्जाचा प्रश्न आपल्याकडेही आहेच. २०१९ मध्ये आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बँकेने कर्जासोबत दोघांचा जीवन विमा मागितला, माझा झाला नाही, म्हणून कर्ज एकट्या नवऱ्याच्या पगारावर बसलं. त्यामुळे रक्कम कमी मिळाली आणि दोनऐवजी एकच बेडरूम आली. मुलगी अजून हॉलमध्ये झोपते.

कुणी म्हणेल, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की. आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. मीच कितीजणांना आरोग्यमित्राच्या खिडकीपर्यंत नेऊन पोचवलंय. पण ती ठरलेल्या उपचारांची, ठरलेल्या दवाखान्यांची योजना आहे. रात्री ताप चढला तर जवळच्या दवाखान्यात ती चालेलच असं नाही. मला त्या योजनेबद्दल आवडतं ते वेगळंच: ती विचारत नाही की तुला आधी काय झालं होतं. सरकारला न विचारता चालतं, कंपनीला विचारल्याशिवाय चालत नाही. योजनेत सगळे असतात आणि कंपनीत निवडून घेतलेले, म्हणून हिशेब वेगळा, हेही मला कळतं. पण मग २०४७ पर्यंत सर्वांसाठी विमा, असं तुम्ही म्हणता तेव्हा त्या 'सर्वां'मध्ये आम्ही कुठल्या खिडकीवर उभं राहायचं?

थोडं विषयांतर. ऑक्टोबर आला की सगळीकडे गुलाबी फिती लागतात. दोन वर्षांपूर्वी एका विमा कंपनीच्या शाखेने 'कॅन्सर योद्ध्यां'चा सत्कार ठेवला होता आणि मला बोलावलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. शाखेच्या साहेबांनी 'तुमच्याकडून आम्हाला ऊर्जा मिळते' असं भाषण केलं. चहाच्या वेळी मी त्यांना हळूच विचारलं, "साहेब, ऊर्जेचं ठीक आहे, पॉलिसीचं बघाल का?" ते हसले. तोच तो लाल अक्षरांचा फॉर्म त्यांचा होता. नारळाची चटणी केली. शाल आई पांघरते, पाटल्या विकल्या होत्या तिने. मला योद्धा म्हणू नका. मी लढले वगैरे काही नाही, मला उलट्या झाल्या आणि मी त्या सोसल्या. मला गिऱ्हाईक म्हणा. तो शब्द मला जास्त मानाचा वाटेल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हाही लोकांनी माझं अभिनंदन केलं. हप्ता नसलेल्या बाईचा कर माफ झाला होता.

मागायचं काय ते आता सांगते. उपचार पूर्ण होऊन अमुक वर्षं झाली की तो प्रश्न फॉर्मवर विचारायचाच नाही, अशी तारीख ठरवा. ती सगळ्यांना एकच असावी असं नाही. लहानपणी आजार झालेल्यांना पाच वर्षं पुष्कळ झाली. मोठ्यांमध्ये कॅन्सरच्या जातीप्रमाणे पाच, दहा, कुठे त्याहून जास्त. माझ्या जातीला जास्त लावली तरी मी तक्रार करणार नाही. फक्त आकडा सांगा. आणि ती तारीख येईपर्यंत मधल्या वर्षांत, लोडिंग लावून किंवा लागलाच तर कॅन्सर वगळून, बाकी सगळ्याचं कव्हर देणारी एकसारखी पॉलिसी प्रत्येक कंपनीला विकायला लावा. हे तुम्ही केलेलं आहे. १ एप्रिल २०२० पासून आरोग्य संजीवनी ही पॉलिसी सगळ्यांकडे एकाच मसुद्याची आली. कोरोना कवचचे निर्देश २६ जून २०२० ला निघाले आणि १० जुलैपर्यंत ती बाजारात हवी, असं तुम्ही सांगितलंत. नवीन, अनोळखी आजार, हातात आकडे नाहीत, तरी दोन आठवड्यांत पॉलिसी तयार. आमच्या आजाराचे आकडे तर पुष्कळ आहेत. मुंबईची कॅन्सर नोंदवही १९६३ ची. बार्शीची ग्रामीण नोंदवही १९८७ ची, आमच्या सोलापूरकडची. टाटा मेमोरियल आहे, नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, क्लेमचे आकडे तुमच्याच इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे आहेत, तेही हैदराबादलाच. डॉक्टर आणि ॲक्च्युअरी एका टेबलाशी बसवायचे आहेत, इतकंच.

तपासणीला जाणं म्हणजे उपचार घेणं नव्हे, एवढी एक ओळ व्याख्येत घाला. तिला एक पैसा खर्च नाही.

आणि नकाराचं कारण. प्रस्ताव नाकारला तर तो लेखी, कारणासह कळवावा, हे २०१६ च्या विनियमांत होतंच. 'अंडररायटिंग धोरणानुसार' हे कारण नाही. ते 'आमच्या मर्जीनुसार'चं इंग्रजीतून आलेलं भाषांतर आहे. कुठला आकडा बघून नाही म्हणता, तो लिहा. नाकारलेल्या क्लेमचे आकडे दर वर्षी छापले जातात, त्यांच्या शेजारी नाकारलेल्या प्रस्तावांचाही रकाना काढा, कंपनीवार, आजारवार. माझ्यासारखे किती जण आहेत ते मला मोजता येत नाही, कारण आम्ही कुठल्याच रजिस्टरात नाही. क्लेम नाकारला तर निदान पॉलिसी नंबर तरी असतो.

हे पत्र उघड लिहिण्याचं कारण, खासगीत दोन लिहून झाली आहेत. दोन्हींची पोच आली.

आपली,
एक विमा प्रतिनिधी,
सांगली

ता.क. तो इलेक्ट्रिकच्या दुकानाचा मुलगा काल एकटाच आला होता, आईला न सांगता. दुसऱ्या कंपनीचा फॉर्म मोबाइलवर काढून आणला होता. नाव, पत्ता, वजन, उंची भरून झालेली, तेवढा एक प्रश्न रिकामा. मला म्हणाला, मावशी, तुम्ही सांगाल ते लिहितो. मी त्याला पंधरा दिवस थांब म्हटलं आहे.